दारी आलेले मांजर पाळणे शक्य नसेल तर

मृगाचा पाऊस सुरू झाला की बेळगावातल्या शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून, जळणाच्या ढिगामागून आणि बंद पडलेल्या मागांच्या खोल्यांतून पिल्लांचा बारीक आवाज येऊ लागतो. कधी एखादे मोठे मांजर नुसतेच दारात येऊन बसते आणि चार दिवस हलत नाही. घरात कोणाला दमा असतो, घरमालक परवानगी देत नाही, नवराबायको दोघेही कामावर जातात, किंवा घरात आधीच दोन मांजरे असतात. अशा वेळी मांजर पाळता येत नाही यात गैर काहीच नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. आमच्याकडे मांजर मारणे महापाप समजतात आणि ते फेडायला काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे लहानपणापासून कानावर पडते. त्यामुळे सहसा कोणी मांजराच्या जिवावर उठत नाही, पण पोत्यात घालून मार्कंडेय नदीपलीकडे, मासळी बाजारात किंवा एखाद्या देवळाच्या आवारात ते सोडून मात्र येतात. पाप टळत नाही, ते फक्त डोळ्यांआड होते.

मांजर आपल्या हद्दीच्या ओळखीवर जगते. पाणी कुठे मिळते, कुत्री कोणत्या बोळातून येतात, पाऊस आला तर कोणत्या कौलाखाली शिरायचे, हे त्याला ठाऊक असते. नव्या जागी यातले काहीच ठाऊक नसते, तिथली मांजरे त्याला हुसकावून लावतात आणि पुष्कळ मांजरे परतीची वाट शोधताना गाडीखाली सापडतात. इकडे गल्लीतले खरकटे आणि उंदीर तेवढेच राहिल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत थोड्याच दिवसांत दुसरे मांजर येते. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, तर विष घालणे, ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली येणारा गुन्हा आहे.

म्हणून मांजर पाळायचे नसले तरी काही दिवस त्याची जबाबदारी घ्यावी लागते. ही जबाबदारी अमर्याद नसते आणि ती किती दिवसांची हे आधीच ठरवता येते, हे मला प्रथम सांगावेसे वाटते. मोठ्या मांजरासाठी साधारण दोन ते तीन आठवडे धरावेत. पिल्लांसाठी ती आठ आठवड्यांची होईपर्यंतचा काळ आणि त्यापुढे घर मिळेपर्यंतचे दिवस धरावेत. घरच्या माणसांना पहिल्याच दिवशी ही मुदत सांगितली, तर विरोध बराच कमी होतो असा माझा अनुभव आहे.

पहिले पाच दिवस: मालक आहे का, हे पाहणे

आमच्या भागात घरचे मांजरही दिवसभर बाहेरच हिंडते. एकच मांजर एका गल्लीत तीन घरांत तीन नावांनी दूध पीत असते. त्यामुळे त्याला बेवारस ठरवण्याची घाई करू नये. अंगावरची लव स्वच्छ असेल, शेपूट उभी करून ते जवळ येत असेल, आपल्याकडे पाहून म्याव करत असेल, तर ते माणसांत वाढलेले आहे असे समजावे. माणसांची सवय नसलेले मांजर सहसा माणसाशी बोलत नाही. ते अंग चोरून बसते, नजर हलवत नाही आणि आपण एक पाऊल टाकताच नाहीसे होते.

जवळ येणाऱ्या मांजरासाठी कागदी पट्ट्याचा उपाय सर्वांत सोपा आहे. वहीच्या साध्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापावी, तिच्यावर मराठीत ‘हे मांजर कोणाचे आहे? कृपया फोन करावा’ असे लिहून त्याखाली कन्नडमध्ये ‘ई बेक्कु यारदु?’ हा प्रश्न आणि आपला क्रमांक लिहावा. मग ती गळ्याभोवती दोन बोटे सहज जातील इतकी सैल ठेवून टोके चिकटपट्टीने जोडावीत. कुठे अडकली तर पट्टी फाटली पाहिजे, म्हणून दोरा, रबर किंवा प्लास्टिक कधीही वापरू नये. आमच्या दारात आठवडाभर येणाऱ्या एका तांबूस बोक्याला मी अशी पट्टी बांधली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या गल्लीतून एका आजींचा फोन आला. तो त्यांचाच होता आणि घरात रंगकाम चालू असल्यामुळे रुसून बाहेर पडला होता. मी त्याच्यासाठी नवे घर शोधण्याच्या तयारीत होते. पाच दिवसांत कोणाचाच फोन आला नाही, तर मांजराचा फोटो गवळ्याला, पेपर टाकणाऱ्या मुलाला आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला दाखवावा, कारण गल्लीतले कोणते जनावर कोणाचे हे यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

या दिवसांत खाणे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आणि थोडेच द्यावे. पुढे पिंजऱ्याची वेळ आली तर ही वेळेची सवयच उपयोगी पडते.

चावा, ओरखडा आणि घरातली औषधे

अनोळखी मांजराला उचलण्याचा प्रयत्न करू नये. चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट काहीही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. रेबीज मांजरापासूनही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय उरत नाही. प्रतिबंधक लस सरकारी रुग्णालयांत मिळते. जखमेतून रक्त आले असल्यास लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन हे वेगळे इंजेक्शनही द्यावे लागते, त्यामुळे जखम कशी झाली हे डॉक्टरांना नीट सांगावे आणि लसीचे सगळे डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करावेत. घरात गरोदर स्त्री असेल तर मांजराची विष्ठा दुसऱ्या कोणीतरी, रोजच्या रोज उचलावी.

मांजराच्या जिवाला आपल्या घरातल्याच काही वस्तूंपासून धोका असतो. तापासाठी पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडा देणारी माणसे मी पाहिली आहेत. अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या अंगावर टाकायची गोचिडाची पावडर, फिनाईल, डेटॉल आणि डांबर गोळ्या यांपासूनही त्याला दूर ठेवावे, कारण अंगाला किंवा पायाला लागलेले सर्व काही मांजर चाटून पोटात घेते. घरात आधीचे मांजर असेल, तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे आणि त्याची भांडीही वेगळी ठेवावीत. उलट्या-जुलाबांनी दोन-तीन दिवसांत पिल्ले दगावणारा पॅनल्युकोपेनिया हा रोग हातापायांवरूनही पसरतो आणि त्याचा विषाणू खोलीत कित्येक महिने टिकतो.

पिल्ले सापडली तर

सर्वांत जास्त चुका इथे होतात आणि त्या दयेपोटी होतात. पिल्ले एकटी दिसली म्हणजे आई सोडून गेली असे नसते. ती शिकारीला गेलेली असते, किंवा आपण तिथे उभे आहोत म्हणून समोरच्या भिंतीआड थांबलेली असते. पिल्ले कोरडी, उबदार आणि शांत झोपलेली असतील, तर त्यांना हात न लावता दूर व्हावे. आई येते की नाही हे समजण्यासाठी मी एक युक्ती वापरते. पिल्लांच्या जागेभोवती ज्वारीच्या पिठाचे पातळ कडे काढून ठेवावे आणि चार-पाच तासांनी जाऊन पाहावे. एकदा आमच्या जळणाच्या खोलीत मी असे पीठ टाकले होते. संध्याकाळी बॅटरी घेऊन गेले, तेव्हा त्या पांढऱ्या कड्यावर चार बोटांचे गोल ठसे आत जाताना उमटले होते आणि बाहेर येणारा एकही नव्हता. आत ती पिल्लांना पाजत होती, आणि मी दुपारीच त्यांना उचलायला निघाले होते.

आई असेल तर पिल्ले आठ आठवड्यांची होईपर्यंत तिच्याजवळच राहू द्यावीत. आपण आईला खायला घालावे आणि जागा कोरडी राहील एवढे पाहावे. पावसात जागा भिजत असेल तर जवळच, तिच्या नजरेसमोर, आडवे ठेवलेले खोके द्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घ्यावे, कारण दोन ते सात आठवडे या वयात माणसाचा हात लागला तर ती पुढे सहज घरात राहणारी मांजरे होतात. तीन महिने उलटून गेले की तेच काम फार अवघड होते.

आई खरोखरच आली नाही, किंवा ती मेल्याचे कळले, तर प्रथम पिल्लांचे वय ओळखावे. जन्मतः पिल्लू साधारण १०० ग्रॅमचे असते आणि आठवड्याला सुमारे १०० ग्रॅमने वाढते. डोळे सात ते दहा दिवसांत उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ते डुलत डुलत उभे राहते आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यात मऊ अन्न चाटू लागते. स्वयंपाकघरातला वजनकाटा या कामाला पुरतो. रोज एकाच वेळी वजन करून ते वहीत लिहावे, कारण वजन थांबले हीच आजाराची पहिली खूण असते.

थंड पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नये. ते पचत नाही आणि पिल्लू जाते. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून त्याला हळूहळू ऊब द्यावी, मात्र नको झाल्यास बाजूला सरकायला जागा ठेवावी. गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब होतात, म्हणून पशुवैद्याकडून मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणावी. पाजताना पिल्लू पोटावरच असावे. तान्ह्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाते. पहिल्या आठवड्यात रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी आणि पुढे तीन-चार तासांनी, सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब पाजावे. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखालची जागा हलकेच पुसावी, कारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला त्याशिवाय लघवी आणि शी करता येत नाही. एकट्या माणसाला हे झेपत नाही. रात्रीची पाळी कोणाची, हे घरात पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

अथणी, रायबाग, चिकोडी, गोकाक या उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडात सापडणारी पिल्ले पुष्कळदा गावमांजराची नसून रानमांजराची असतात, आणि ती लहान असताना जाणत्यालाही फरक चटकन ओळखता येत नाही. रानमांजराला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण असल्यामुळे ते घरी आणून पाळणे गुन्हा आहे. अशा वेळी तेवढ्या भागातली तोड थांबवून पिल्ले जिथे आहेत तिथेच राहू द्यावीत, माणसांना दूर न्यावे आणि वनखात्याला कळवावे. अंधार पडला की आई बहुधा त्यांना उचलून नेते. बिबट्याचे पिल्लू असल्याची शंका आली, तर त्या फडाजवळ क्षणभरही थांबू नये.

निर्बीजीकरण

मांजर पुढे कुठेही जाणार असो, ही पायरी चुकवता येत नाही. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजे या वर्षी तीन पिल्लांची सोय लावून आईला तसेच सोडले, तर दिवाळीला आपण पुन्हा त्याच जागी उभे असतो. पिल्लांना घरे मिळाली म्हणजे काम झाले असे समजून थांबणारे लोक मला फार भेटतात. माझ्या मते काम खऱ्या अर्थाने आईच्या शस्त्रक्रियेनेच पुरे होते.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्यतः गाईम्हशींचे काम चालते. त्यामुळे मांजराची शस्त्रक्रिया तिथे होते का, हे आधी विचारावे आणि नसेल तर बेळगाव शहरातल्या खासगी पशुवैद्याकडे वेळ घ्यावी. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. खर्च गल्लीतल्या चार-पाच घरांत वाटून घ्यावा. रात्री-बेरात्री बोक्यांची भांडणे आणि दारावरचे लघवीचे फवारे कमी होणार असतात, हे सांगितले की मांजर न आवडणारे शेजारीही पैसे देतात.

जवळ येणारे मांजर झाकणाच्या, हवा खेळणाऱ्या बुट्टीत घालून झाकण दोरीने बांधले की नेता येते. जवळ न येणाऱ्यासाठी पिंजरा लागतो. उद्यमबागेतल्या किंवा गावातल्या कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात साधारण ७५ सेंटिमीटर लांब आणि ३० ते ३५ सेंटिमीटर रुंद व उंच असा, पायपट्टी दाबताच दार पडणारा पिंजरा करून मिळतो. जाळी बारीक असावी आणि आत कुठेही तारेचे टोक राहू देऊ नये. पहिले तीन-चार दिवस दार उघडेच बांधून ठेवावे आणि रोजचे खाणे पिंजऱ्यातच, दररोज थोडे आत सरकवत ठेवावे. डॉक्टरांची वेळ ठरली की आदल्या रात्री दार मोकळे करून अगदी मागच्या बाजूला भाजलेल्या सुक्या बोंबलाचा एक तुकडा ठेवावा. दार पडताच मांजर जाळीवर आपटू लागते. त्याच क्षणी जाड चादर वरून संपूर्ण पिंजऱ्यावर टाकावी, कारण अंधार झाला की ते मिनिटभरात शांत होते. आत हात घालू नये, आणि लावलेला पिंजरा सोडून कुठेही जाऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वी किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टरांनाच विचारावे, कारण पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवणे धोक्याचे असते.

पिंजऱ्यात भाटी आली तर बॅटरीच्या उजेडात तिचे पोट पाहावे. सडांभोवतीचे केस गेलेले आणि सड गुलाबी व ओढलेले दिसले, तर तिची पिल्ले कुठेतरी वाट पाहत आहेत. तिला तेव्हाच सोडून द्यावे, पिल्ले शोधावीत आणि ती खाऊ लागल्यावर पुन्हा प्रयत्न करावा. गुंगीत असतानाच डाव्या कानाचे टोक कापून घेण्यास आणि रेबीजची लस टोचण्यास डॉक्टरांना सांगावे. कापलेले टोक ही निर्बीजीकरण झाल्याची दुरून दिसणारी खूण असते. शस्त्रक्रियेनंतर मांजर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत खायला देऊ नये, उबदार आणि अंधाऱ्या खोलीत ठेवावे, बोक्याला एक दिवस आणि भाटीला दोन दिवस नजरेखाली ठेवावे. टाके कोणते घातले आहेत हेही विचारून घ्यावे, कारण न पकडता येणाऱ्या मांजराला आपोआप विरघळणारेच टाके हवेत.

घर शोधणे

माणसांची सवय असलेल्या मांजराला आणि पिल्लांना घर शोधावे. महिला मंडळ, बचत गट आणि गणेशोत्सव मंडळ यांच्या व्हॉट्सॲप गटांवर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत निरोप द्यावा, कारण निम्मी चांगली घरे आपण एकाच भाषेत लिहिल्यामुळे हातची जातात. निरोपात वय, भाटी की बोका, लस झाली की नाही आणि ‘निर्बीजीकरणाच्या अटीवर’ हे शब्द स्पष्ट असावेत. फोटो दिवसाच्या उजेडातला असावा. काळ्या पिल्लांना आडवे जाण्याच्या समजुतीमुळे घर उशिरा मिळते, म्हणून मी त्यांचाच फोटो सर्वांत आधी टाकते.

मागेल त्याला पिल्लू देऊ नये. घरातले सगळे राजी आहेत का, घर भाड्याचे असल्यास मालकाची परवानगी आहे का, आधीच्या मांजराचे काय झाले आणि गावाला गेल्यावर कोण पाहणार, हे चार प्रश्न विचारावेत आणि मग घर स्वतः पाहून यावे. एकदा टिळकवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी मी बाल्कनी न पाहताच पिल्लू दिले, आणि चौथ्या दिवशी ते खाली पडून त्याचा मागचा पाय मोडला. माणसे चांगली होती. चूक माझी होती. तेव्हापासून गज किंवा जाळी पाहिल्याशिवाय मी पिल्लू हातातून सोडत नाही. खोल्या घेऊन राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांनाही मी देत नाही, कारण मे महिन्यात खोली रिकामी होते आणि मांजर जिन्यात राहते. शक्य असेल तिथे दोन पिल्ले एकत्र द्यावीत. ती एकमेकांशी खेळतात आणि घरातल्या माणसांना कमी ओरबाडतात. दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी फोन करावा, आणि नाहीच जमले तर पिल्लू परत आपल्याकडेच यावे, हे देताना लेखी घ्यावे.

न माणसाळलेल्या मोठ्या मांजराला घर शोधत बसू नये. त्याचे घर म्हणजे ती गल्लीच. जुना वाडा पाडला जात असेल किंवा तत्सम कारणाने जागाच नाहीशी होत असेल, तरच त्याला दुसरीकडे न्यावे, आणि तेही भाताचे गोदाम, राईस मिल किंवा गोठा अशा ठिकाणी, जिथे उंदरांसाठी मांजर हवेच असते. तिथे दोन ते तीन आठवडे बंद खोलीत ठेवून, तिथल्याच माणसाच्या हातून खाऊ घालून मगच मोकळे सोडावे. उंदरांचे औषध टाकणाऱ्या ठिकाणी देऊ नये, कारण विष खाल्लेला उंदीर मांजरालाही घेऊन जातो. निपाणीकडच्या तंबाखूच्या गोदामांतही मी देत नाही. ती धूळ अंगावर बसते आणि मांजर ती चाटते.

परत गल्लीत सोडताना

जिथे पकडले तिथेच, पहाटे वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पिंजऱ्याचे तोंड रस्त्याच्या उलट दिशेला ठेवून दार उघडावे आणि मागे सरावे. मांजर बाणासारखे निघून जाते, एक-दोन दिवस दिसत नाही आणि मग खाण्याच्या जुन्या वेळी कुंपणावर येऊन बसते. खाणे शेजाऱ्याच्या दारासमोर नको. एका कोपऱ्यात, ठरलेल्या वेळी ठेवावे आणि अर्ध्या तासात भांडे उचलून जागा धुवावी. परड्यातल्या वाफ्यांत मांजर घाण करते अशी तक्रार आली, तर माती ओली ठेवून तिच्यावर नारळाच्या शेंड्या किंवा लिंबाच्या काटेरी फांद्या पसराव्यात. माळ्याची फट बुजवायची असल्यास आत पिल्ले नाहीत याची दोन दिवस खात्री करून घ्यावी.

शेवटी, कापलेल्या कानाचा फोटो, शस्त्रक्रियेची तारीख आणि लसीचा कागद यांची एकेक प्रत गल्लीतल्या दोन घरांकडे ठेवावी, म्हणजे उद्या आपण घर बदलले तरी त्या मांजराला कोणी दुसऱ्यांदा पिंजऱ्यात घालणार नाही आणि पुढच्या लसीची तारीखही चुकणार नाही.